काउंटरपासून संचालक मंडळापर्यंत : वापरकर्ता अनुभव धोरणाच्या प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी २०२४, रत्नागिरी

संस्थेच्या मोबाईल ॲपचा वापर वाढत नसल्यामुळे ‘वापरकर्ता अनुभवाचे धोरण’ तयार करावे आणि ते काम संगणक विभागाने करावे, असा ठराव संचालक मंडळाच्या मागील सभेत झाला. त्यानुसार हे काम आजपासून माझ्याकडे आले आहे. आमची पतसंस्था मध्यम आकाराची असून तिच्या बहुतेक शाखा रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवर आहेत. सभासदांत मच्छीमार, आंबा बागायतदार, बाजारातील छोटे व्यापारी आणि गावी खाते ठेवून मुंबईत नोकरी करणारे चाकरमानी आहेत. खात्यांचे सर्व व्यवहार नोंदवणारी कोअर बँकिंग प्रणाली, ॲप आणि फिरून दैनंदिन ठेव गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांच्या हातातील मशीन हे सर्व बाहेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीकडून घेतलेले आहे. म्हणजे एकही पडदा (स्क्रीन) आमच्या हातचा नाही, ही गोष्ट आरंभीच नोंदवून ठेवणे आवश्यक वाटते.

ठरावात ॲपचा उल्लेख आहे, परंतु इतिवृत्त पुन्हा वाचल्यावर चर्चेचा रोख वेगळा दिसतो. दैनंदिन ठेवीचे जुने खातेदार खाती का बंद करीत आहेत, हा प्रश्न अध्यक्षांनी त्या सभेत दोन वेळा विचारला होता आणि त्याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत उपयोगितेची व्याख्या करताना विशिष्ट वापरकर्ते, विशिष्ट उद्दिष्टे आणि वापराची विशिष्ट परिस्थिती या तिन्हींचा उल्लेख आहे. आमच्या ठरावात यांपैकी एकही गोष्ट नाही. त्यामुळे पहिले काम पडदे रेखाटण्याचे नसून ठरावातला प्रश्न नीट मांडण्याचे आहे.

१२ फेब्रुवारी

आठवडा वाचनात गेला. वापरकर्ता अनुभव हा शब्द पदनामात आणणारे संशोधक डॉन नॉर्मन १९९३ मध्ये ॲपलमध्ये गेले तेव्हा यंत्र विकत घेण्यापासून ते खोक्यातून काढून चालू करण्यापर्यंतचा सर्व व्यवहार त्यांना या शब्दात अभिप्रेत होता. आमच्याकडे मात्र तो रंग, बटणे आणि लोगो यांपुरता उरला आहे.

धोरण कशाला म्हणावे याबाबत व्यवस्थापनाचे अभ्यासक रिचर्ड रुमेल्ट यांची मांडणी उपयोगी पडली. अडचणीचे निदान, त्या अडचणीला भिडण्याची एक दिशा आणि परस्परांना पूरक अशा कृती, या तीन गोष्टी असतील तरच ते धोरण. ‘सभासदांना जागतिक दर्जाचा अनुभव देणे’ हे वाक्य गेल्या वर्षीच्या अहवालात छापले होते. त्यात निदानही नाही आणि दिशाही नाही.

नील्सन नॉर्मन ग्रूप या सल्लागार संस्थेने २०२१ मध्ये मांडलेल्या, वापरकर्ता अनुभवाच्या कामातील परिपक्वतेच्या सहा पायऱ्यांवर आपली संस्था कोठे बसते, हेही पाहिले. पहिल्या पायरीवर हे काम अस्तित्वातच नसते आणि दुसरीवर ते तुरळक व कोणा एकाच्या उत्साहावर चालते. आम्ही दुसऱ्या पायरीवर आहोत. ही पायरी धोरण, संस्कृती, कार्यपद्धती आणि निष्पत्ती या चार अंगांनी तपासावी असे ती मांडणी सांगते. यांपैकी कार्यपद्धती बदलण्याचे थोडेफार अधिकार माझ्याकडे आहेत, बाकीची तीन अंगे इतरांच्या हाती आहेत.

२१ फेब्रुवारी

मुख्य शाखेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसून सकाळचे कामकाज पाहिले. ग्राहकांची नावे वा खाते क्रमांक टिपायचे नाहीत, असे शाखाधिकाऱ्यांशी आधीच ठरवले होते. व्यक्तिगत विदेच्या (डेटाच्या) संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेला असल्यामुळे ही शिस्त पहिल्या दिवसापासून असणे बरे.

पैसे भरणे व काढणे या कामांखालोखाल काउंटरवर सर्वाधिक वेळ कशात जातो, याचा मला अंदाज नव्हता. लोक खिशातून मोबाईल काढतात, तो काचेच्या फटीतून आत सरकवतात आणि “जरा बघा, काय आलंय ते” असे म्हणतात. आलेला असतो तो आमच्याच संस्थेने पाठवलेला इंग्रजी संदेश. रोखपाल तो वाचते, मराठीत सांगते आणि मोबाईल परत देते. एका बागायतदारांनी हप्त्याची आठवण देणारा संदेश दाखवला आणि “हे आलं म्हणजे जप्ती का?” असे अगदी शांतपणे विचारले. तो केवळ देय तारखेचा साधा संदेश होता.

रोखपालांना या कामाबद्दल विचारले असता त्यांनी “हे काम कुठे धरतात, मॅडम?” असे उत्तर दिले. ते खरेच आहे. रोजकीर्दीत व्हाउचर मोजली जातात, वाचून दाखवलेले संदेश मोजले जात नाहीत. जे मोजले जात नाही ते विषयपत्रिकेवर येत नाही, त्यामुळे संदेशसेवेच्या खर्चाचा आकडा दर तिमाहीस मंडळापुढे जातो आणि त्या संदेशांमुळे काउंटरवर खर्च होणारा वेळ कधीच जात नाही.

२९ फेब्रुवारी, हर्णै

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव सायंकाळी रंगतो. सुवर्णदुर्गाच्या बाजूने होड्या येतात, मासळी किनाऱ्यावर उतरते आणि तेथेच वाळूवर बोली लागते. ज्या वेळी लोकांच्या हातात रोख रक्कम येते त्या वेळी आमच्या काउंटरचे व्यवहार बंद झालेले असतात. ही विसंगती कोणत्याही ॲपपेक्षा जुनी आहे आणि तिला एकच उत्तर संस्थेने शोधलेले आहे, ते म्हणजे पिग्मी एजंट.

एजंटांबरोबर संध्याकाळभर फिरले. एक मासळी विकणाऱ्या मावशी हात पदराला पुसून कमरेच्या बटव्यातून नोटा काढतात. एजंट मशीनवर रक्कम टाकतात, छोट्या प्रिंटरमधून पावती निघते आणि मावशी ती न पाहताच टोपलीच्या कडेला खोचतात. नंतर त्या बटव्यातून घड्या पडलेले, कडा झिजलेले जुने पिग्मी कार्ड काढतात आणि एजंटांपुढे धरतात. एजंट त्यावर पेनाने तारीख आणि रक्कम लिहून सही करतात. संस्थेने हे कार्ड दोन वर्षांपूर्वी परिपत्रक काढून बंद केलेले आहे.

“पावती आहे ना, मावशी, मग कार्ड कशाला?” असे मी विचारले. त्यांनी टोपलीतून मागची एक पावती काढून दाखवली. उष्णतेवर छपाई होणारा तो कागद दमट हवेत, ओल्या हातांत आणि तेलकट पिशवीत टिकत नाही. आकडे पुसट होऊन कागद करडा झाला होता. त्या पुढे म्हणाल्या, “आणि मोबाईलात येतं ते उद्या येतं. मी आज दिले, ते उद्या का दाखवतंय?” एजंट ओशाळून हसले. हा प्रश्न त्यांना रोज कोणी ना कोणी विचारत असणार, हे त्या हसण्यावरून कळले.

मार्चअखेर

वर्षअखेरच्या कामामुळे सर्व शाखा व्यग्र असल्याने प्रकल्पाचे काम थांबवले आहे. ३१ मार्चच्या तोंडावर कोणत्याही शाखाधिकाऱ्याकडे संशोधनाची गोष्ट काढणे म्हणजे पुढच्या सहा महिन्यांचे सहकार्य गमावणे होय.

१२ एप्रिल

सभागृहाच्या भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावून दैनंदिन ठेवीचा सेवा आराखडा तयार केला. सेवा व्यवसायाच्या अभ्यासक लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत ग्राहकाला दिसणारी कामे आणि न दिसणारी कामे यांच्यामध्ये एक रेषा ओढली जाते. दोन एजंट, एक लिपिक, एक शाखाधिकारी आणि संगणक विभागातील माझे सहकारी असे आम्ही बसलो. प्रत्येकाने फक्त स्वतःचे काम लिहायचे, दुसऱ्याचे लिहायचे नाही, एवढाच नियम ठेवला होता.

रेषेच्या वर सर्व ठीक दिसले. रेषेच्या खाली मात्र हर्णैच्या प्रश्नाचे उत्तर होते. एजंट सायंकाळी गोळा केलेली रक्कम दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत भरतात, मशीनमधील यादी तेव्हा उतरवली जाते, लिपिक रोख आणि यादी जुळवून रक्कम खात्यात जमा करतात आणि संदेश त्या जमेनंतर जातो. सुट्ट्या मध्ये आल्या तर दोन-तीन दिवसांच्या रकमा एकाच सकाळी जमा होतात आणि खातेदाराला काही काळ संदेशच मिळत नाही. पैसे दिल्याची वेळ आणि संस्थेने ते मान्य केल्याची वेळ यांच्यात जे अंतर पडते, त्या अंतरात संशय वाढतो, आणि तो संशय ज्याच्यावर जातो तो एजंट पगारदार नसून कमिशनवर काम करणारा गावातलाच माणूस असतो.

लिपिकांना ही पद्धत ठाऊक होती, एजंटांना खातेदारांचा प्रश्न ठाऊक होता, परंतु या दोन गोष्टी एका भिंतीवर कधी आल्या नव्हत्या. शाखाधिकारी बराच वेळ त्या पट्टीपुढे उभे राहिले आणि ही पट्टी काढू नका, मला वसुली अधिकाऱ्यांना दाखवायची आहे, असे म्हणाले.

२२ एप्रिल

वसुली अधिकाऱ्यांशी दीर्घ चर्चा झाली. बागायतदाराच्या हातात पैसा मुख्यतः मार्च ते मे या काळात येतो आणि तोही वाशीच्या दलालाकडून विक्रीच्या हिशेबाची पट्टी आल्यावर. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. आमचे हप्ते मात्र बाराही महिने सारखे आहेत आणि थकबाकीचे संदेश जूनमध्ये सर्वांत अधिक जातात. हा विषय वापरकर्ता अनुभवाचा नसून कर्ज धोरणाचा आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या मते ज्या दिवशी संदेशाची भाषा सुधारूनही संदेश चुकीच्या महिन्यात जातच राहतो, त्या दिवशी हे दोन विषय वेगळे उरत नाहीत. तरीही हा विषय पहिल्या टप्प्यात घ्यायचा नाही असे ठरवले, कारण त्यास उपविधी, लेखापरीक्षण आणि थकीत कर्जापोटी करावयाच्या तरतुदीचे निकष यांची बाजू आहे आणि नव्याने सुरू झालेले काम त्या ओझ्याखाली दबेल.

६ मे

धोरणाचा मसुदा एका पानात बसवला. त्याचा गाभा पुढीलप्रमाणे आहे.

निदान : दैनंदिन ठेवीदाराने पैसे दिल्यापासून संस्थेने ते मान्य करेपर्यंतच्या काळात त्याच्या हाती वाचता येईल आणि टिकेल असा पुरावा नसतो. ॲप वापरले न जाणे हे त्याचे कारण नसून परिणाम आहे. दिशा : वर्षभर संस्थेचा यासंबंधीचा सर्व खर्च व श्रम पैसे हातात घेतल्याच्या क्षणी मिळणाऱ्या पुराव्यावर केंद्रित करावेत. कृती : रक्कम घेताच मराठी संदेश पाठवावा, पावतीची मांडणी बदलावी, पिग्मी कार्ड अधिकृतपणे पुन्हा सुरू करावे आणि एजंटांच्या मासिक बैठकीत खातेदारांच्या तक्रारींसाठी वेळ राखून ठेवावा.

खाली ‘यंदा करायचे नाही’ अशी स्वतंत्र यादी दिली आहे. ॲपचे नवे रूप, चॅटबॉट आणि दोन संचालकांना हवा असलेला, खातेदारांना बक्षीस म्हणून गुण (पॉइंट) देण्याचा उपक्रम या तीन गोष्टी तीत आहेत. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी मसुदा वाचून, वरचा भाग कोणी वाचणार नाही, भांडण खालच्या यादीवर होईल, असा अभिप्राय दिला. मला ते समाधानकारक वाटले. ज्या धोरणावर भांडण होत नाही त्याने कोणाचे काहीच काढून घेतलेले नसते.

१५ मे

सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रतिनिधींबरोबर बैठक झाली. सर्व संस्थांना एकच उत्पादन दिले जाते, वेगळा बदल हवा असेल तर त्याचे वेगळे शुल्क पडेल आणि तो केव्हा मिळेल हे सांगता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या बाजूने ती गैरही नाही. परंतु देखभाल कराराचे नूतनीकरण १ जुलैला आहे आणि त्या कराराच्या मसुद्यात आजवर संगणक विभागाने कधीही एक ओळ घातलेली नाही; तो लेखा विभाग पाहतो आणि फक्त दर पाहतो.

विकत घेतलेल्या प्रणालीवर चालणाऱ्या संस्थेत अनुभवाचे धोरण राबवण्याची खरी जागा करार आहे, या निष्कर्षावर मी आले आहे. लेखा विभागाच्या संमतीने तीन कलमे सुचवली : खातेदाराला दिसणारा प्रत्येक मजकूर संस्थेला स्वतः बदलता यावा, पावती, संदेश वा पडदा यांतील कोणताही बदल सर्व शाखांना लागू होण्यापूर्वी चाचणीसाठी उपलब्ध करून द्यावा, आणि मशीनवर रक्कम घेतल्याची नोंद, नेटवर्क असल्यास, त्याच वेळी प्रणालीकडे जावी. पहिली दोन त्यांनी मान्य केली. तिसऱ्यासाठी शुल्क मागितले आहे.

चाचणी किती जणांवर करावी असे लेखापालांनी विचारले. पाच जणांच्या चाचणीत बहुतेक अडचणी समोर येतात, हे उपयोगितेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांचे प्रसिद्ध गणित एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो या गृहीतावर उभे आहे आणि ते एकसारख्या वापरकर्त्यांच्या गटाला लागू पडते. एजंट आणि ठेवीदार हे दोन निराळे गट असल्याने प्रत्येकी पाच, असे लिहून दिले.

३ जून

संचालक मंडळाची सभा. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचे भाकीत खरे ठरले आणि सभेचा मोठा भाग ‘करायचे नाही’ या यादीवर गेला. गुणांचा उपक्रम वगळण्यास एका ज्येष्ठ संचालकांचा ठाम विरोध होता. त्यांना उत्तर न देता भिंतीवरील पट्टी सभागृहात जशीच्या तशी लावून ठेवली होती, तिच्यापुढे हर्णैच्या एजंटांना बोलण्याची विनंती केली. माझ्या मांडणीपेक्षा त्यांचे चार वाक्यांचे निवेदन अधिक प्रभावी ठरले.

मराठी संदेशाच्या खर्चावर रास्त आक्षेप आला. इंग्रजी संदेशात एका भागात १६० चिन्हे बसतात, तर देवनागरीत केवळ ७०. त्यापुढे गेल्यास संदेशाचे भाग पडतात आणि प्रत्येक भागाचे पैसे लागतात. त्यातही मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात, त्यामुळे डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसणारा ‘खात्यात’ हा शब्द सात चिन्हे घेतो. जुन्या इंग्रजी संदेशाचे शब्दशः भाषांतर केले असते तर खर्च निश्चितच वाढला असता. म्हणून मजकूर नव्याने लिहिला होता. पहिल्या मसुद्यात ‘उद्या जमा’ असे शब्द होते. शनिवारी घेतलेली रक्कम रविवारी कशी जमा होईल, असे एका संचालिकांनी विचारल्यावर सभेतच पुढील मजकूर ठरला : ‘आज रु. ५०० मिळाले. पुढील कामाच्या दिवशी जमा.’ ही ४४ चिन्हे होतात आणि संस्थेच्या नावासाठी २६ उरतात. दूरसंचार कंपनीच्या डीएलटी नोंदणीत (व्यावसायिक संदेशांचे साचे जेथे आधी नोंदवावे लागतात) हा साचा आता मंजूर करून घ्यावा लागेल.

यश कसे मोजणार, या प्रश्नावरही चर्चा झाली. गूगलमधील संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेली ‘हार्ट’ ही पाच अंगांची चौकट माझ्याकडे होती, परंतु आमच्यासाठी तीतील कार्यसिद्धी, म्हणजे वापरकर्त्याचे काम पूर्ण होते का, हे एकच अंग घेतले. काउंटरवर संदेश वाचून घ्यायला येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीमागे रोखपालांनी वहीत एक रेघ मारायची आणि महिन्याची बेरीज मंडळाच्या विषयपत्रिकेवर ठेवायची. ही नोंद संगणकात नको, कागदावर हवी, असा आग्रह रोखपालांचाच होता.

१८ जून

बंदीचा काळ असल्याने बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या आहेत आणि मच्छीमार मंडळींना बोलायला सवड आहे. पावतीच्या तीन मांडण्या साध्या कागदावर छापून पाहिल्या. संस्थेचे नाव आणि बोधचिन्ह निम्मी पावती व्यापते, ती मांडणी आमच्या मंडळींना आवडते. ठेवीदारांनी तिच्याकडे पाहून ‘आकडा कुठे आहे?’ एवढेच विचारले. तारीख आणि रक्कम सर्वांत वर व मोठ्या टाइपात, त्याखाली एकूण शिल्लक आणि शेवटी संस्थेचे नाव, ही मांडणी बहुतेकांनी न अडखळता वाचली. उपयोगिता मोजणारी जॉन ब्रूक यांची १९८६ ची दहा विधानांची प्रश्नावली वापरण्याचा विचार सोडून दिला. ‘पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत’ या पट्टीवर उत्तर देणे वाळूत जाळे विणत बसलेल्या माणसाला कृत्रिम वाटते. त्याऐवजी, ही पावती पाहून किती पैसे कधी दिले ते सांगा, एवढेच काम दिले.

पावसाची झड आली तेव्हा कागद प्लास्टिकखाली सारावे लागले. पावतीचा कागद बदलण्याचा प्रश्न त्यामुळे आपोआप चर्चेत आला, आणि कार्ड पुन्हा सुरू करण्याच्या कलमावर यानंतर कोणी शंका घेणार नाही असे वाटते.

५ जुलै

एजंटांची बैठक अवघड गेली. रक्कम घेताक्षणी संदेश जाणार म्हणजे आमच्यावर नजर ठेवणार, असा सूर होता. एका वयस्कर एजंटांनी स्पष्टच विचारले, “ताई, हे आमच्यासाठी आहे की आमच्याविरुद्ध?” संस्थेच्या दृष्टीने दोन्ही खरे आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नव्हता. संदेशामुळे उशिरा भरणा करणारा एजंट उघडा पडेल आणि वेळेवर भरणाऱ्यावरचा संशय जाईल, असे सांगितले. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. अखेरीस पुढील चाचण्या एजंटांनीच घ्याव्यात, मी फक्त टिपणे काढावीत, असे ठरले. माझ्या प्रश्नांना ठेवीदार सभ्य उत्तरे देतात, एजंटांना खरी देतात.

८ ऑगस्ट

करार तिन्ही कलमांसह झाला. तिसऱ्याचे शुल्क दोन हप्त्यांत द्यायचे आहे. बोटी पुन्हा समुद्रात गेल्या असून दोन शाखांत नवा संदेश सुरू झाला. काही जुन्या बटणांच्या मोबाईलवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात, त्या खातेदारांसाठी केवळ आकडे आणि तारीख असलेला निराळा साचा लागेल. काउंटरवरील वहीत रेघा कमी होत आहेत, परंतु बंदीनंतरचा हंगाम आताच सुरू झाल्यामुळे या आकड्यांवरून आताच काही म्हणणे योग्य होणार नाही.

लेखापरीक्षकांनी हस्तलिखित कार्ड आणि प्रणालीतील नोंद यांत तफावत आढळल्यास कोणती ग्राह्य धरावी, असा प्रश्न लेखी विचारला आहे. उत्तर कार्यालयीन परिपत्रकात द्यावे लागेल. त्याचा मसुदा लेखा विभागाने करावा आणि खातेदाराला समजेल अशी एक ओळ कार्डाच्या मागे छापावी, असे सुचवले.

२० सप्टेंबर

वार्षिक सर्वसाधारण सभा महिनाअखेरीपूर्वी घ्यावयाची असल्याने अहवालाची तयारी चालू आहे. ‘जागतिक दर्जा’ हे वाक्य अध्यक्षांनी स्वतः खोडले आणि त्या जागी संदेश, पावती व कार्ड यांची माहिती घातली. ‘खातेदारांच्या अडचणी’ हा विषय मंडळाच्या प्रत्येक सभेत कायमस्वरूपी घेण्याचा ठराव झाला असून तो कोणी मांडायचा, याचे नाव न लिहिता ‘संबंधित शाखाधिकारी व एक एजंट’ असे लिहून घेतले. माझी बदली झाली तरी तो विषय माझ्याबरोबर जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

ऑक्टोबरच्या सभेसाठी वसुली अधिकाऱ्यांनी स्वतःहून एक टिपण दिले आहे. बागायतदार व मच्छीमार कर्जदारांचे हप्ते हंगामाप्रमाणे बांधून देता येतील का, असा त्याचा विषय आहे. त्यासोबत त्यांनी एप्रिलमधील भिंतीवरच्या पट्टीची छायाचित्रे जोडली असून कर्जव्यवहाराचा असाच आराखडा करण्यासाठी दिवाळीनंतरची तारीख मागितली आहे. दापोली आणि जयगड येथील शाखाधिकाऱ्यांना त्याबाबत आज पत्र पाठवले.